मालकाचा डावा पाय

आईच्या डोळ्यांसमोरून तो पाय काही केल्या हलेना. मुलाचा डावा पाय. डोळ्यांच्या डॉक्टरकडून परत येताना पाण्याच्या टाकीपाशी उतार लागतो. तिथे तो पाय गुडघ्यात वाकून वर आला आणि हळूच, चोर पाऊल टाकतो तसा, खाली दाबला गेला. सिग्नल लाल होता, पुढे दुधाचा टेम्पो उभा होता, आणि टेम्पोला न धडकता गाडी जिथे थांबायची तिथे थांबली. तक्रार करावी असं काही घडलंच नव्हतं. तरी घरी येऊन तिने चहा टाकला तो उतू गेला, पुन्हा टाकला तोही उतू गेला, आणि दोन्ही वेळा तिच्या मनात एकच घोळत होतं. त्या पायाचं तिथे काम काय होतं?

काम नसतंच. हे तिला त्यानेच सांगितलं होतं, नोकरीला लागला तेव्हा, मोठ्या कौतुकाने. "ऑटोमॅटिक गाडी आहे आई. सगळं उजव्या पायाने करायचं. डावा पाय पेन्शनीत!"

गल्लीत त्याला सगळे 'मालक' म्हणतात. हे नाव त्याला मानाने मिळालेलं नाही. खोक्यांच्या कारखान्याच्या साहेबांकडे तो ड्रायव्हर होता, विशीत लागला आणि केस पिकेपर्यंत राहिला. साहेब गेले, कारखाना विकला गेला, बंगला विकला गेला, आणि अंगणातल्या त्या गडद निळ्या, लांबलचक गाडीला कोणी विचारेना. नव्या लोकांना ती जुनी वाटे, जुन्या लोकांना परवडत नसे. भंगारवाला येऊन चाकांना लाथ मारून गेला. त्याने लाथ मारलेली याला बघवली नाही. बाईसाहेबांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी किल्ली याच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "तूच सांभाळ. तुझ्याइतकी कुणी सांभाळली नाही." झालं. सकाळी ड्रायव्हर म्हणून घराबाहेर पडलेला माणूस संध्याकाळी मालक होऊन परत आला. दाराशी हत्ती झुलायला लागला, आणि त्या हत्तीच्या मागे घरातली एकेक वस्तू जायला लागली.

नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते कसं, हे आईने तेव्हापासून रोज पाहिलं. या गाडीला लोखंडी स्प्रिंग नाहीत, रबरी फुगे आहेत, हवेने भरलेले. त्यातला मागचा डावा फुगा झिरपतो. रात्रभरात गाडी त्या कोपऱ्यावर बसते, दमलेली म्हैस बसावी तशी. सकाळी किल्ली फिरवली की आत कुठेतरी घुर्रर आवाज होतो आणि ती हळूहळू उठते. शाळेत जाणारी मुलं ते बघायला थांबतात. समोरचा इस्त्रीवाला रोज विचारतो, "काय मालक, म्हैस उठली का? धार काढून झाली?"

सून त्याहून तिखट. पडदे शिवायच्या दुकानात ती दिवसभर मशीनवर असते. सकाळी डबा भरता भरता खिडकीतून खाली बघायची आणि म्हणायची, "उठली वाटतं माझी सवत. बरं आहे तिचं. रात्री बसते तरी. मी आपली रात्रंदिवस उभी."

"अगं, हळू बोल," आई म्हणायची.

"का? तिला ऐकू जाईल? तिचं ऐकायचं यंत्रही बिघडलंय का?"

सुरुवातीला तो यावर हसायचा. मग नुसता बघायचा. मग बघणंही थांबलं. कपड्यांच्या कपाटात सुनेच्या साड्यांखाली एक जुना हेडलाइट आला, पलंगाखाली दाराची पट्टी आली, आणि जेवायच्या टेबलावर, वर्तमानपत्रावर, काळ्या तेलात माखलेलं काहीतरी आलं, ज्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी सून उठली, हात धुतले आणि म्हणाली, "चार दिवस दादाकडे जाऊन येते." ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. आई फोन करते तेव्हा ती नीट बोलते, गोळ्या घेता का विचारते, आणि शेवटी म्हणते, "त्यांना नियमित काम लागू द्या आई, मी दुसऱ्या दिवशी येते. मला ते नको आहेत असं नाहीये."

काम मिळत नव्हतं असंही नाही. दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं. एका डॉक्टरीणबाईंना ड्रायव्हर हवा होता, त्यांची छोटी लाल गाडी होती. तो बघून आला आणि म्हणाला, "त्या गाडीत मागे माणूस बसतच नाही आई. पिशव्या बसतात."

मागे बसणारा माणूस हे त्याचं सगळं आयुष्य. आधीच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने जाताना त्याला एकच धडा दिला होता: मागच्याला कळता कामा नये. वळण आलं, कळता कामा नये. खड्डा आला, कळता कामा नये. ब्रेक लागला तर साहेबांच्या हातातलं वर्तमानपत्र हलता कामा नये. साहेबांना पाठीचं दुखणं होतं. हा पोरगा सुट्टीच्या दिवशी कारखान्याच्या आवारात जाऊन, मागच्या सीटवर ताट आणि ताटात काठोकाठ भरलेला पेला ठेवून, चकरा मारायचा. ताट कोरडं राहीपर्यंत घरी यायचा नाही. आईला तेव्हा अभिमान वाटला होता. आईची नोकरीही तशीच होती. इतिहासात पदवी घेतली आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढला. कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत. इकडचा माणूस तिकडच्या माणसाला जोडून द्यायचा आणि मधून बाजूला व्हायचं. मध्ये कोणी बाई बसली आहे हे दोघांनाही जाणवता कामा नये. माय-लेक एकाच जातीचे, असं ती तेव्हा हसून म्हणायची.

आता हसू येत नव्हतं, कारण उद्या लग्न होतं.

लग्नांची कामं घेणारी एक बाई मागच्या आठवड्यात गल्लीत आली होती. केस कापलेली, बोलायला गोड, हातात सतत फोन. गाडीभोवती फिरली, लाकडी पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मालक, अहो, असा थाट आता नव्या गाड्यांत कुठे राहिलाय! नवरी हिच्यावर फिदा होणार." डोंगरावरच्या हॉटेलातून नवरी आणि तिची आजी, दोघींना खाली गावातल्या हॉलवर आणायचं. एवढं नीट पार पडलं की पुढची सगळी लग्नं हिच्यावर. जाताना तिने आपलं कार्ड दिलं. ते आईने फ्रिजवर चुंबकाखाली लावलं. त्याने सुनेला फोन केला, आणि कितीतरी महिन्यांनी त्याचा आवाज मोठा ऐकू आला. "तू म्हणत होतीस ना नियमित? नियमितच आहे! पूर्ण सीझन!" तिकडून सून काय म्हणाली ते आईला ऐकू आलं नाही. पण त्या संध्याकाळी त्याने कपाटातला हेडलाइट काढून जिन्याखाली नेऊन ठेवला.

म्हणूनच आईने चहा तसाच सोडला, चपला घातल्या आणि मुलाला न सांगता गॅरेजवर गेली.

गॅरेजवाला एका गाडीखालून बाहेर आला. "मावशी, तुम्ही? गाडी बंद पडली का?"

"चालू आहे. थांबते का, ते विचारायला आलेय."

तो हसला आणि मध्येच थांबला. फडक्याने एकेक बोट पुसत राहिला. "मालक काही बोलले नाहीत?"

"तो बोलला असता तर मी एवढं चालत आले असते का? डाव्या पायाशी काय असतं, एवढंच सांगा."

"उभ्या गाडीचा ब्रेक. गाडी लावून ठेवताना दाबायचा, घसरू नये म्हणून."

"आणि चालत्या गाडीत कोण दाबतं?"

गॅरेजवाल्याने स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

"ज्याचा उजव्या पायावर भरवसा राहिला नाही, तो," तो म्हणाला. "मावशी, या गाडीच्या ब्रेकला विजेवर चालणारा पंप आहे. आपण पाय नुसता टेकवायचा, बाकी जोर तो लावतो. पंप थकला की गाडी स्वतःच सांगते, समोरच्या मीटरवर लाल अक्षरांत. तसा पंप आता कुठे मिळत नाही, बनतच नाही. भंगारातल्या एका गाडीचा आणून बसवला. तोही म्हाताराच निघाला. कधी लागतो, कधी लागत नाही. लागला नाही की पाय खोल जातो आणि जोर सगळा आपला."

"मी मागे बसते. मला लाल काही दिसलं नाही."

"पुसलंय. लॅपटॉप जोडला की पुसता येतं. मालक म्हणाले, गिऱ्हाईक मागून डोकावतं, लाल दिसलं की घाबरतं. मी म्हटलं, निरोप पुसतो, आजार तिथेच राहणार. सपाटीला चालवा, एकटे असाल तेव्हा चालवा. डोंगराकडे तोंडसुद्धा करू नका."

"आणि तरी पुसलात."

"मी नसतं पुसलं तर पलीकडच्या गल्लीतल्याने पुसलं असतं." असं म्हणून तो वर बघेना.

निरोप पुसला. परतताना आईच्या कानात तेवढे दोनच शब्द राहिले. एक्स्चेंजमध्ये लाइन तुटायची, वादळात खांब पडायचे, माणसं ओरडायची. ते सगळं चालून जायचं. पण आलेला निरोप पोचवला नाही, असं तिथे कुणी केलं नव्हतं. चहाच्या वेळी बसून त्या बायका जगाची निंदा करायच्या, सासवांना नावं ठेवायच्या, पण हातातल्या चिठ्ठीवरचा निरोप आधी पोचवायच्या आणि मगच कप उचलायच्या.

घरी आली तेव्हा तो उद्याच्या शर्टला बटण लावत बसला होता. पांढरा शर्ट, साहेबांकडचा.

"कुठे गेली होतीस? डॉक्टरांनी सांगितलंय ना, औषध उतरेपर्यंत उन्हात जायचं नाही?"

"मघाशी टाकीपाशी तुझा डावा पाय का हलला?"

सुई थांबली नाही. "पायात गोळा आला होता."

"गोळा आलेला पाय माणूस ताणतो. तू दाबलास."

"आई, तुझ्या डोळ्यांत औषध घातलंय. तुला समोरचा डॉक्टर दिसत नव्हता, माझा पाय बरा दिसला!"

"मी गॅरेजवर जाऊन आले."

आता सुई थांबली. त्याने दोरा दाताने तोडला, शर्ट खुर्चीच्या पाठीवर नीट टाकला, खांद्याची चुणी काढली. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

"हळू आणीन," तो म्हणाला. "खालच्या गिअरमध्ये आणीन. डावा पाय तयार ठेवीन. आई, मी त्या गाडीला ओळखतो. नवरीला कळणारसुद्धा नाही."

"तेच म्हणतेय मी! तिला कळायला नको का?"

"का कळायला हवं? लग्नाच्या दिवशी? जीव मुठीत धरून बसायला?"

"बसायचं की नाही ते तिचं तिला ठरवू दे ना. तिच्या आजीला ठरवू दे."

"साहेबांना मी कधी कळू दिलं?" त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "शेवटच्या दिवशी, दवाखान्यात नेताना, त्यांच्याच खालचा फुगा फुटला. मागची बाजू टायरला टेकायला आली होती. मी रस्ता शोधत शोधत नेलं त्यांना. जिथे खड्डा नाही तो रस्ता, जिथे गर्दी नाही ती गल्ली, बैलगाडीसारखं हळू. त्यांना धक्का बसू दिला नाही. डोळे मिटून होते. आणि म्हणाले, आज गाडी छान चालवतोयस. हे शेवटचं बोलले ते माझ्याशी. घरातल्या कुणाशी नाही, माझ्याशी!"

ही गोष्ट आईने यापूर्वीही ऐकली होती. दर वेळी तिचे डोळे भरून यायचे. आज पहिल्यांदाच तिला त्या गोष्टीतला रस्ता दिसला. लांबचा, वळसे घेत गेलेला, बैलगाडीच्या वेगाचा. मागच्या सीटवर छातीवर हात ठेवून बसलेला माणूस, आणि पुढे हा.

बोलू नये असं तिला वाटत होतं, आणि बोलून गेली. "तू सांगितलं असतंस तर त्यांनी दुसरी गाडी बोलावली असती."

खालून इस्त्रीवाल्याच्या रेडिओवर भाज्यांचे भाव ऐकू येत होते.

"म्हणजे मी मारलं त्यांना," तो म्हणाला.

"मी असं म्हटलं नाही."

"हेच म्हणालीस."

"नाही रे बाळा."

"दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, एवढा वेळ का लागला." तो हे शर्टाकडे बघत म्हणाला. "बाईसाहेबांना मी ट्रॅफिक सांगितला."

म्हणजे त्याला माहीत होतं. त्याला पहिल्यापासून माहीत होतं, आणि म्हणूनच ती किल्ली त्याला घ्यावी लागली, म्हणूनच भंगारवाल्याची लाथ त्याला लागली, आणि म्हणूनच डॉक्टरीणबाईंच्या लाल गाडीत तो बसू शकला नाही. ती गाडी चांगलीच आहे, तो प्रवास चांगलाच झाला, हे रोज सकाळी म्हैस उठली की तो स्वतःला नव्याने पटवत होता. मागच्याला कळता कामा नये, म्हणता म्हणता पुढचाही बिचारा मागच्या सीटवर जाऊन बसला होता.

आई त्याच्या खांद्यावर हात ठेवायला उठली, पण त्याआधीच तो बादली आणि फडकी घेऊन जिना उतरला होता. उद्या गाडी चमकायला हवी होती.

तिने सुनेला फोन लावला. सगळं सांगितलं, साहेबांचं सोडून.

"तुम्ही सांगितलंत तर ऐकतील?" सूनबाईने विचारलं.

"नाही ऐकणार."

"माझं तर त्यांनी हेडलाइटच्या बाबतीतही ऐकलं नव्हतं." मग तिचा आवाज बारीक झाला. "किल्ली लपवा."

"दुसरी त्याच्या गळ्यात असते."

"मग आई, मी काय सांगू तुम्हाला? मी उद्या संध्याकाळी यायची तयारी केली होती. बॅग भरून दारात आहे."

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, हे आईने आयुष्यात शंभर वेळा म्हटलं असेल, दुसऱ्यांच्या घरच्या भांडणांबद्दल. आता ती फ्रिजसमोर उभी होती. कार्डावर गुलाबी अक्षरं होती, डोळ्यांतल्या औषधामुळे ती आकड्यांत मिसळत होती. तिने कार्ड लांब धरलं. हा फोन केला की लग्नं घेणारी बाई गाडी बदलेल, त्यात तिचं काही जाणार नाही, तिच्याकडे दहा गाड्या असतील. पण ती दहा ठिकाणी बोलेल. या गाडीला, आणि या ड्रायव्हरला, पुन्हा कुणी बोलावणार नाही. सुनेची बॅग परत रिकामी होईल. आणि तो? तो विचारेल, कुणी सांगितलं, आणि तिला खोटं बोलता येणार नाही. मग तो तिच्याशी भांडणारही नाही. रोज गोळ्या हातात ठेवील, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेईल, बसने, आणि बोलणार मात्र नाही. त्याला ते चांगलं जमतं.

नाही केला, तर कदाचित काहीच होणार नाही. उतार उतरेल, डावा पाय दाबला जाईल, नवरी हसत हसत हॉलच्या दारात उतरेल आणि आजी म्हणेल, गाडी छान चालवलीस हो.

तिला आजीच्या त्या शब्दांचीच भीती वाटली.

तिने खिडकीतून खाली पाहिलं. तो मागच्या दाराची काच पुसत होता. साहेबांच्या बाजूची. तोंडाची वाफ देऊन, फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून, कोपऱ्यातला एक डाग काढत होता. त्याच्या पायाशी गाडीचा तो कोपरा आजही बसायला लागला होता, आणि तो न बघता त्या बाजूने थोडा वाकून काम करत होता, इतक्या सवयीने की आता तो सरळ उभा राहिला असता तरच वेगळं दिसलं असतं. इस्त्रीवाल्याने काहीतरी विचारलं. त्याने हात हलवून "उद्या, उद्या," असं उत्तर दिलं.

आई फोनपाशी येऊन बसली. जन्मभर तिने दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली होती आणि स्वतः मधून बाजूला झाली होती. एकदाही कुणाच्या लाइनवर आपला शब्द टाकला नव्हता. ऐकू आलेलं काही बाहेर नेलं नव्हतं. त्याबद्दल निवृत्त होताना तिला एक घड्याळ मिळालं होतं, ते भिंतीवर अजून चालतं.

"मी गाडीवाल्याची आई बोलतेय." पहिलं वाक्य तिने ठरवलं. दुसरं सुचेना. ते लाइन लागल्यावर सुचेल, असं म्हणून तिने फोन उचलला.